रुमालाखालची गाडी

मी गाडी घेतली ती कितीला घेतली, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. त्या गाडीपायी मी जे केलं त्याबद्दल मात्र अजून बोलतात. सासूबाई गेल्या, दीर म्हातारे झाले, गाडी भंगारात जाऊनही जमाना झाला, तरी लग्नकार्यात चार बायका जमल्या की एखादी हळूच म्हणतेच, "हीच ती, जिनं भर बाजारात..." आणि पुढचं गिळते. म्हणून आता मीच सगळं सांगून टाकते. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नव्हती, आज तर मुळीच वाटत नाही.

कोल्हापुरात, राजारामपुरीत माझा दवाखाना होता. चार खाटा, एक नर्स आणि मी. बाळंतपणं करायची. शहरातल्या बायका दवाखान्यात यायच्या, पण आसपासच्या खेड्यांतून निरोप यायचा तो बाई अडल्यावरच. मग माझी धावपळ. रिक्षावाले शहराबाहेर यायला नाक मुरडायचे. कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, कधी बैलगाडीतून, एकदा तर उसाच्या ट्रॉलीत उभी राहून मी गेले आहे. तिथं पोचेपर्यंत कधीकधी माझ्या करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. असं दोनदा झालं आणि मी ठरवलं की आता गाडी घ्यायची. त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि तेवढे पैसेही नव्हते. जुनीच घ्यायची होती. चालवायला मी लग्नाआधी मामांच्या जीपवर शिकले होते.

पैसे माझे होते, साठवलेले मी होते, चालवणार मी होते. तरी घरात पहिला प्रश्न निघाला तो हा की दर करायला कोण जाणार. आमचे हे प्राध्यापक. साधा माणूस. म्हणाले, "मला व्यवहारातलं काही कळत नाही, तू म्हणशील ते." मी म्हटलं, मग मी जाते. त्यावर सासूबाईंनी माळ खाली ठेवली. "बाईमाणूस एकटी जाणार दर करायला? लोक काय म्हणतील, घरात पुरुष नाहीत? धाकट्याला घेऊन जा." धाकटे दीर गूळबाजारात एका अडत्याच्या पेढीवर होते. सौद्यात हुशार अशी त्यांची ख्याती. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. घरात वाद नको म्हणून मी बरं म्हटलं.

पुण्याच्या रस्त्याला, शहर संपता संपता, पत्र्याचं कुंपण घातलेला जुन्या गाड्यांचा अड्डा होता. सात-आठ मोटारी, तीन-चार जीपा, एक बिनचाकाचा ट्रक. त्याचे मालक आधी बैलांचा व्यापार करायचे. बैल सोडून गाड्या धरल्या, पण धंद्याची रीत तीच ठेवली. गाड्या त्यांच्या स्वतःच्या नसत. ज्याला विकायची तो आणून लावायचा, घेणारा यायचा, आणि हे मध्ये पडून सौदा जुळवून द्यायचे. दोन्हीकडून दोनदोनशे रुपये दलाली, हे त्यांनी आत शिरल्या शिरल्याच सांगून टाकलं. "आपलं काम सरळ हाय पावणं. दोनशे तुमचं, दोनशे त्यांचं. तिसरा पैसा आपल्याला गोमांस." हे सगळं सांगितलं ते दिरांना. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी एक काळी गाडी हेरली. पत्रा चांगला होता, आत सीटवर निळ्या दोऱ्याची हातानं विणलेली कव्हरं होती, कुणीतरी जपून वापरलेली दिसत होती. मी म्हटलं, "किल्ली द्या, चालवून बघते." मालकांनी किल्ली काढली आणि दिरांच्या हातात ठेवली. दीर ती किल्ली घेऊन तसेच उभे. मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली, गाडीत बसले, आणि महामार्गाला लागून शिरोलीच्या दिशेनं एक चक्कर मारून आले. इंजिन ठीक होतं, टायर मात्र गुळगुळीत झाले होते. परत आल्यावर मालक हसून म्हणाले, "बाई चांगली चालवत्यात की. रंग पसंत हाय न्हवं? तुमी रंग सांगा, दराचं आमी बघतो."

आता ह्यावर काय बोलायचं? मी सांगितलं, "रंग राहू द्या. किंमत किती?"

मालकांनी दिरांकडं बघितलं. दीर ओशाळून म्हणाले, "वहिनी, असं नसतं विचारायचं. तुम्ही बसा जरा सावलीत. मी बघतो."

तर ती रीत अशी. दर तोंडानं बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल, म्हणजे टॉवेलच, काढतो, समोरच्याच्या हातावर टाकतो, आणि दोघं टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक हजार, पंजा म्हणजे पाच. धरायचं, नाकारायचं, पुन्हा धरायचं. वर चेहरे दगडाचे. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू. बैलबाजारात हे चालायचं, गुळातही पूर्वी चालायचं, त्यामुळं दिरांचा हात त्यात बसलेला. एकदा शेवटची बोटं दाबली की सौदा झाला, मग माघार नाही, मग जीभ जरी कापली तरी आकडा तिसऱ्याला सांगायचा नाही. पुरुषांच्या शब्दाचं मोठं कौतुक असतं आमच्याकडं. बाईचा हात काही दलाल टॉवेलखाली धरणार नाही, त्यामुळं बाईनं सौदा करायचा प्रश्नच येत नाही. किती सोपी सोय बघा. ह्याच हातांनी मी ह्या लोकांची पोरं जगात आणली, तेव्हा त्या हाताची कुणाला अडचण झाली नव्हती.

चिंचेखाली एक बाकडं होतं. तिथं मला बसवण्यात आलं आणि "बायकांना चहा" अशी आरोळी गेली. बायकांना म्हणजे मला, आणि तिथं आधीपासून बसलेल्या एका बाईला. पस्तिशीची असेल. फिकट रंगाचं पातळ, कपाळ मोकळं, गळा मोकळा. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला. मी शेजारी बसले तशी ती बाकड्याच्या टोकाला सरकली.

चहा आला, बशीत ओतला, आणि दोन बायका शेजारी बसल्यावर जे होतं ते झालं. तिनं विचारलं, "गाडी घ्यायला आलाय?" मी म्हटलं, "हो. पण घेतायत ते. मी नुसती बसलेय." ती हसली. म्हणाली, "आमचं बी तसंच. आमची विकायची हाय, विकालाय आमचा दादा. माझ्या नावावर हाय म्हणून सहीपुरतं आणलंय मला."

मग हळूहळू तिनं सांगितलं. बिद्रीकडं साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायची. नवरा तिथंच नोकरीला. ऊस तोडणीचा हंगाम चालू असताना कामावरच छातीत कळ येऊन गेला. आता घर सोडायचं होतं. मुलगी एकच, अकरावीला, कोल्हापुरात शिकवायची तिची फार इच्छा. नवऱ्याच्या मागं उरलेलं विकण्यासारखं म्हणजे ही एक गाडी.

"दहा हजार तरी आलं पायजेत, बाई," ती म्हणाली. "तेवढ्यात राजारामपुरीत न्हाईतर कुटंबी दोन खोल्या घेतो भाड्यानं, एक मशीन घेतो शिवणाचं, पोरीची फी हुईल. हातपाय हलवीन की मी. पण कमी आलं तर मग दादाच्या घरात जायला लागतंय. आनी दादाच्या घरात गेलो की पोरीचं शिक्षण बंद. त्यो म्हणतोय, शिकवून काय करतीस, लगीन करून टाकू." एवढं बोलून तिनं पदर आणखी घट्ट ओढून घेतला. "तिथं वैनीच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या जलमभर. पोरीनं बी, मी बी."

मी विचारलं, "कुठली गाडी तुमची?"

तिनं बशी खाली ठेवून बोट दाखवलं. "ती काळी. निळी कव्हरं मीच विणल्यात."

मीही बशी खाली ठेवली. आम्ही दोघी एकाच बाकड्यावर, एक त्या गाडीची मालकीण आणि एक घेणारी, मांडीला मांडी लावून बसलो होतो. तिला सहीपुरतं आणलं होतं, मला पैशांपुरतं. आणि आमच्या समोर पंधरा पावलांवर तीन पुरुष आमची गाडी टॉवेलखाली खेळवत होते. मी तिला सांगितलं की मी राजारामपुरीतलीच, आणि तीच गाडी घ्यायला आलेय. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग आम्ही दोघीही हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मालकांचं चाललं होतं ते असं. गाडीपाशी उभ्या दिरांच्या हातावर टॉवेल टाकायचा, बोटं दाबायची, मग तिथून पत्र्याच्या खोलीत जायचं. तिथं तिचा भाऊ खुर्चीवर बसला होता, धिप्पाड माणूस, पांढरंशुभ्र धोतर. त्याच्या हातावर टॉवेल टाकायचा, पुन्हा बोटं. पुन्हा बाहेर. दिरांना आणि भावाला त्यांनी एकदाही समोरासमोर येऊ दिलं नाही. हे बघितल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेवटी दीर हसतमुखानं आले. "झालं वहिनी. पटलं."

"किती?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "घरी गेल्यावर सांगतो."

"भावजी, पैसे माझ्या पर्समध्ये आहेत. किती काढू ते तरी सांगाल की नाही?"

ते माझ्या जवळ वाकले आणि स्वतःच्या तळहातावर बोटानं आकडा काढून दाखवला. अकरा. मी तो आकडा मोठ्यानं म्हणाले. "अकरा हजार?" दिरांनी असं काही डोळे मिटले की मी जणू शिवीच दिली.

तेवढ्यात तिचा भाऊ खोलीतून बाहेर आला आणि तिला हाक मारली, "चल गं, सही करायची हाय." ती उठली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "ताई, थांबा. भाऊ किती म्हणाले ते विचारा."

तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, "सहा. आनी तेबी मी खेचून घेतलं म्हणून. मालक पाचाच्या वर सरकत न्हवता. चल, उशीर करू नको."

सहा. माझ्याकडून अकरा निघाले, आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर सहा झाले. मधले पाच हजार पंधरा पावलांच्या अंतरात कुठं सांडले? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईचा चेहरा नुसता पडला, आणि मान हलवून ती सहीला निघाली. म्हणजे तिनं ते मान्यही केलं होतं. भाकऱ्या थापणं, पोरीचं शिक्षण, सगळं. त्या मान हलवण्यानं मला जितका राग आला तितका दलालानंही आणला नव्हता.

मी सरळ मालकांसमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज मुळातच मोठा, त्यात बाळंतपणाच्या खोलीत वर्षानुवर्षं ओरडून तो तयार झालेला. म्हटलं, "मालक, माझ्याकडून अकरा हजार घेताय आणि ह्या बाईला सहा देताय. दोनशे रुपये दलाली म्हणाला होतात. पाच हजारांची दलाली कुठल्या बाजारात असते?"

"बाई, हळू. हळू बोला की. कशाला वरडालाय?"

"का हळू? माझे पैसे, हिची गाडी. आम्ही दोघी इथं आहोत. लपवायचं कुणापासून आहे?"

अड्ड्यात आणखी गिऱ्हाइकं होती. ती सरकत सरकत जवळ आली. त्यात इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले होते, त्यांनी तिथूनच आधी एक गाडी नेलेली. ते म्हणाले, "मालक, आता निघालंच हाय तर माझ्या गाडीचं बी सांगा की. मी किती धरलं आनी फुडच्याला किती दिलं?" दुसऱ्या एकानं हातातला टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला. त्याचा सौदा अर्ध्यावर होता.

मालक घामाघूम झाले. आणि मग त्यांच्यातला जुना व्यापारी जागा झाला. त्यांनी छातीवर हात मारला. "ओ बाई, उगा चोर म्हणू नका मला. मध्ये माझं सुटतंय ते सुटतंय, धंदा हाय माझा. पर सहा मी न्हाई बोललो. मी आठ धरलंय. ह्या पावण्याच्या हातात आठ बोटं दाबल्यात मी. आईशपत. सहा कुटनं आलं ते त्यास्नी इचारा."

सगळ्यांचे डोळे भावाकडं वळले. बहिणीनंही बघितलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि तेही टॉवेलखाली.

भावानं आवाज चढवला. "व्हय, आठच म्हणाला त्यो. दोन मी बाजूला काढणार हुतो. हिच्याच पोरीच्या लग्नाला. हिला कळतंय काय पैशातलं? बाईमानूस, आज हाय, उद्या खर्चून बसंल. थोरला भाऊ म्हणून बघायला नको मी?"

किती गोड बोलला बघा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं, वर त्यालाच माया म्हणायचं. आणि आजूबाजूच्या दोन-तीन माना हलल्यासुद्धा, की बरोबर आहे, भावानं बघायलाच पाहिजे. माझे दीर पुटपुटले, "वहिनी, त्यांच्या घरातला मामला आहे. आपण कशाला?" मी त्यांना म्हटलं, "भावजी, तुम्ही माझ्या घरातले, तरी अकरा धरलेत. तुम्ही गप्प बसा." ते गप्प बसले. नंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, तेही एका परीनं बरंच झालं.

मी त्या बाईकडं वळले. "ताई, गाडी तुमची आहे. तुम्ही सांगा, कितीला द्यायची?"

तिनं आधी भावाकडं बघितलं. सवयीनं. मग खाली बघितलं. दोन तासांत त्या बाईला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, आणि मला वाटतं त्याआधीच्या पस्तीस वर्षांतही नसावा. ती इतका वेळ थांबली की मला वाटलं, ही आता रडणार.

"दहा," ती म्हणाली. हळूच, पण स्वच्छ.

मी भाजीवालीशी चाराण्यासाठी घासाघीस करणारी बाई. टायर गुळगुळीत होते, मला ते दिसले होते. पण मी एक शब्द बोलले नाही. "दहा. घेतली," म्हटलं. "मालक, तुमचे दोनशे माझ्याकडचे आणि दोनशे हिच्याकडचे, दोन्ही मी देते. जे तोंडानं बोललात तेवढं मिळेल. आणखी काही म्हणायचंय?"

मालकांनी जमलेल्या गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि गणित केलं. ह्या एका गाडीचे तीन हजार गेले तर गेले, पण ही बाई आणखी तासभर इथं बोलत राहिली तर बाकीच्या गाड्या तशाच उभ्या राहतील. "चार चौघांत बाईमानसाशी काय तोंड लावायचं," असं म्हणून त्यांनी स्वतःची अब्रू स्वतःच झाकून घेतली आणि सहीचे कागद काढले. तिनं सही केली. चांगली वळणदार सही होती. मग त्यांनी गाडीपुढं फोडायला नारळ मागवला.

मी पर्समधून शंभराच्या नोटांचं पुडकं काढलं. काढलं मात्र, भावाचा हात पुढं आला. अगदी सहज. जसं काही ते त्याचंच होतं. "आना हिकडं," तो म्हणाला. "एस्टीनं जायचंय. बाईमानसाजवळ एवढी रक्कम बरी न्हवं. पाकीटमार असत्यात."

"पाकीटमार एस्टीतच असतात असं कुणी सांगितलं तुम्हाला, पावणं?" मी म्हटलं.

पण नुसतं बोलून काय होणार होतं? मी पुडकं तिच्या हातात दिलं असतं, तर तिनं ते त्याच्या हातात दिलं असतं. फाटकाबाहेर पडायच्या आत. मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. माझे दहा हजार द्यायचे, आणि मुलीनं मात्र मामाच्या चुलीपुढंच बसायचं. मग ह्या सगळ्या आरडाओरड्याचा उपयोग काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बाईला तुम्ही पैसे मोजून देऊ शकता, ते तिच्याकडं राहतील असं नाही करू शकत.

मालकांच्या हातात नारळ होता. तो मी काढून घेतला. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "ताई, पदर पसरा."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती दोन पावलं मागं गेली. "न्हाई बाई. असं करू नका. माझी वटी भरत न्हाईत." कपाळाकडं तिनं हातही नेला, जणू मला ते दिसलं नसावं.

मागून दीर जवळजवळ ओरडले, "वहिनी, असं करत नाहीत." मालक म्हणाले, "बाई, अवो." भाऊ तर काळानिळा पडला. नवरा गेलेल्या बाईची ओटी कुणी भरत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? मी अशाच घरात वाढले. किती लग्नांत मी बघितलं होतं, सगळ्या बायकांच्या ओट्या भरून होईपर्यंत एखादी काकी स्वयंपाकघरात उभी. पण मला हेही ठाऊक होतं की ओटीत घातलेली वस्तू त्या बाईची. तिच्या पदरात हात घालून ती काढून घेईल असा पुरुष कोल्हापुरात अजून जन्मायचा होता. तुमचा टॉवेल तुमच्याकडं, म्हटलं मनात. आमचंही काहीतरी आहे.

"पसरा," मी पुन्हा म्हणाले. "मी डॉक्टर आहे. मला सांगू नका काय चालतं आणि काय चालत नाही."

डॉक्टर असण्याचा आणि ओटीचा काही संबंध नाही, पण माझा आवाज तसा होता. तिनं पदर पुढं धरला. मी त्यात नारळ घातला, त्यावर पुडकं घातलं, आणि वाकून नमस्कार केला. वयानं ती माझ्याएवढीच, तरी केला.

भावाचा हात अजून अर्धवट पुढं होता. तो त्यानं मागं घेतला, धोतराला पुसला, आणि इकडं तिकडं बघितलं. एवढ्या माणसांसमोर बहिणीच्या पदरात हात कसा घालणार? "चल," तो तिला म्हणाला. "एस्टी जाईल."

ती हलली नाही. तिनं पदराची दोन्ही टोकं आवळून गाठ मारली. पुन्हा एक गाठ मारली. कमरेला खोचली.

"दादा, तू हो फुडं," ती म्हणाली. "मला खोली बघायची हाय."

"खोली? आनी लोक काय म्हणतील?"

तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, तुमी राजारामपुरीतच जाणार न्हवं? मला सोडतासा?"

मी गाडीचं दार उघडून बसले. दीर रिक्षानं येतो म्हणाले, ते बरंच झालं. मी वाट बघत होते तर ती मागच्या दाराशी जाऊन उभी. मागचं दार उघडून आत शिरायला लागली. मी म्हटलं, "अहो, पुढं बसा की. गाडीत दोघीच आहोत."

ती तिथंच थांबली, कमरेच्या गाठीवर हात धरून. "फुडं?" ती म्हणाली. "ह्या गाडीत मी फुडं कधी बसलोच न्हाई, बाई. फुडं मामंजी बसायचं. मामंजी नसलं की दादा."